ईएससी घेताय? आधी प्रॉप कुठला ते सांगा

ईएससी म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर, रिमोटच्या विमान-गाडी-बोटीत बॅटरी आणि मोटरच्या मध्ये बसून मोटरचा वेग सांभाळणारा भाग. तो किती अँपचा घेऊ, 30 चा की 40 चा, असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, प्रॉप, म्हणजे पंखा, कुठला लावणार? आणि गाडी असेल तर गिअरिंग काय आहे? बहुतेकांकडे उत्तर नसतं, कारण त्यांनी ईएससी आधीच कार्टमध्ये टाकलेला असतो, मोटर नंतर बघू म्हणून. हे उलटं आहे. आधी मॉडेल, मग प्रॉप किंवा गिअर, मग मोटर, मग बॅटरी, आणि सगळ्यात शेवटी ईएससी. तो बिचारा शेवटचा पाहुणा, बाकीच्यांनी जे ठरवलंय ते निमूट सोसायचं एवढंच त्याचं काम.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की बाकी सोपं जातं. ईएससी करंट ढकलत नाही, मोटर ओढते. आणि मोटर किती ओढणार ते तिच्या टोकाला काय अडकवलंय त्यावर ठरतं. म्हणजे 60 अँपचा ईएससी लावला म्हणून मोटरमध्ये 60 अँप जातील आणि ती जळेल ही भीती खोटी. ती 12 च ओढत असेल तर 12 च जाणार. मोठा ईएससी लावून नुकसान एवढंच की वजन वाढतं आणि पैसे जास्त जातात. छोटा लावला तर मात्र आतले मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे स्विच, तापतात, धूर येतो, आणि तो जळका वास एकदा घरात घुसला की आई दोन दिवस काय जाळलंस काय जाळलंस विचारत बसते.

मोटरला दोन वायर असतील तर ती ब्रश्ड, तीन असतील तर ब्रशलेस, आणि ईएससी त्याच जातीचा लागतो, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. ब्रशलेस उलटी फिरायला लागली तर तीनपैकी कुठल्याही दोन वायर अदलाबदल करायच्या, झालं. पण बॅटरीकडची लाल-काळी कधी उलटी जोडायची नाही, तिथे बहुतेक ईएससी दुसरी संधी देत नाहीत.

आता स्टिकरवरचे आकडे. सगळे अँप बघतात, मी आधी व्होल्टेज बघतो. अँपमध्ये थोडं इकडे तिकडे झालं तर ईएससी तापेल, ओरडेल, कदाचित सांभाळूनही घेईल. व्होल्टेजची मर्यादा ओलांडली की तो जोडताक्षणीच जाऊ शकतो. लिपो म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, तिचा एक सेल नावाला 3.7 व्होल्ट असला तरी फुल चार्ज झाल्यावर 4.2 असतो, म्हणजे 3एस ची, तीन सेलची, बॅटरी 11.1 नाही तर 12.6 व्होल्ट, आणि 4एस 16.8. ईएससीवर 2-3एस लिहिलं असेल तर 4एस लावून बघू काय होतं ते, हा प्रयोग करू नका, काय होतं ते माहीत आहे. आणि पुढेमागे 4एस वर जायचा विचार मनात असेल तर आत्ताच 2-4एस वाला घ्या, किमतीत फारसा फरक पडत नाही.

मग अँप. आपल्याकडे सगळ्यात जास्त खपणारा जोड म्हणजे ए2212 ची 1000 केव्हीची मोटर, सोबत 30 अँपचा ईएससी आणि 1045 चा प्रॉप, इंजिनिअरिंगच्या पोरांच्या प्रोजेक्टमध्ये हमखास हाच सेट दिसतो. केव्ही म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला बिनलोडचे किती फेरे, आणि 1045 म्हणजे 10 इंच व्यास, 4.5 इंच पिच. हा सेट 3एस वर फुल थ्रॉटलला साधारण 10 ते 15 अँपच्या आसपास ओढतो. म्हणजे 20 चा चांगला ईएससी खरं तर पुरतो, 30 चा आरामात चालतो. पण त्याच मोटरला तोच प्रॉप ठेवून कोणी 4एस लावली तर? व्होल्टेज 3 चं 4 झालं, पण करंट त्याच प्रमाणात वाढत नाही, हिशेबाने वर्गाच्या पटीत वाढतो, 1.78 पट, आणि पॉवर घनाच्या पटीत, 2.37 पट. प्रत्यक्षात थोडं कमी भरतं कारण मोटर तेवढी फिरू शकत नाही, पण म्हणूनच एक सेल वाढवला तर प्रॉप लहान करायचा असतो. ईएससीच्या आधी मोटर जळते अशा वेळी, आणि दोष ईएससीला मिळतो.

खरा आकडा हवा असेल तर वॉटमीटर घ्या, बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये लावायचा, अँप व्होल्ट वॉट सगळं समोर दिसतं. मॉडेल घट्ट बांधा, बॅटरी फुल चार्ज करा, फुल थ्रॉटल चार-पाच सेकंद, जास्त नको. शेजारच्या इलेक्ट्रिशियनचा क्लॅम्प मीटर आणून बघणारे असतात पण त्यातले बरेचसे फक्त एसी मोजतात, डीसी वाला लागतो, आधी विचारून घ्या. जो आकडा येईल त्यावर विमानाला 25 ते 30 टक्के वर धरा. मोटरच्या पानावर वेगवेगळ्या प्रॉपचा तक्ता दिला असेल तर विकत घेण्याआधीच अंदाज येतो, तो तक्ता नसलेली मोटर शक्यतो घेऊच नये असं माझं मत.

आणि बर्स्टच्या आकड्यावर जाऊ नका. 30 अँप कंटिन्युअस (सतत), 40 बर्स्ट (थोड्या वेळापुरता) असं लिहिलेलं असतं, तो बर्स्ट बहुतेक 10 सेकंदांचा, तोही चांगली हवा लागत असताना. कंटिन्युअसवरच हिशेब करा.

हवा म्हटलं की आपल्या गोव्यातली गोष्ट वेगळी होते. कंपनीने जो आकडा छापला तो हवेशीर जागी मोजलेला असतो, पेडण्याच्या सड्यावर एप्रिलच्या दुपारी काळ्या फोमच्या विमानात, कॅनोपी (वरचं झाकण) बंद करून मोजलेला नसतो. त्यात आपला आणखी एक गैरसमज असतो की अर्ध्या थ्रॉटलवर चालवलं तर ईएससी थंड राहतो. करंट कमी असला तरी अर्ध्या थ्रॉटलवर मॉसफेट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतात, फुल थ्रॉटलला ते कापणं थांबतं. त्यामुळे फुल थ्रॉटलला टिकतो म्हणून तासाला पाऊण तास मधल्या थ्रॉटलवर घोटत ठेवलेला ईएससी पण चांगलाच तापतो, विशेषतः जरुरीपेक्षा जास्त केव्हीची मोटर लावून कायम थ्रॉटल कमीच ठेवावा लागत असेल तर. उपाय सोपे आहेत. हवा आत यायला पुढे एक भोक आणि बाहेर जायला मागे त्याहून मोठं भोक, ईएससीची चपटी धातूची बाजू हवेच्या वाटेत, आणि फोममध्ये खोचून वर टेप मारायचा नाही. उन्हाळ्यात उडवणार असाल तर माझ्या हिशेबात 25 टक्के मार्जिनचे 50 करा, 12 अँपला 20 चा ठीक, 20 अँपला 30 चा, 26 ला 40 चा.

आता ज्यावर कोणी बोलत नाही आणि विमानं मात्र त्यानेच पडतात, तो बीईसी. ईएससीमधून जी तीन वायरींची बारीक पट्टी रिसीव्हरला जाते त्यातली मधली लाल वायर रिसीव्हर आणि सर्वोंना (पंख-शेपटीच्या पट्ट्या किंवा स्टिअरिंग हलवणाऱ्या छोट्या मोटरींना) 5 व्होल्ट देते, ते देणारा भाग म्हणजे बीईसी. हा दोन प्रकारचा. लिनिअर असेल तर तो जास्तीचे व्होल्ट चक्क उष्णतेत जाळून टाकतो. 3एस फुल चार्ज 12.6, त्यातून 5 गेले, राहिले 7.6 व्होल्ट, सर्वोंनी मिळून 1 अँप ओढला तर 7.6 वॉट उष्णता त्या नखाएवढ्या चिपवर. 2एस वर हीच उष्णता साडेतीन वॉटच्या खाली असते. म्हणून मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की 2एस वर इतके सर्वो, 3एस वर त्याहून कमी, 4एस वर आणखी कमी, आणि ते कोणी वाचत नाही. 9 ग्रॅमचा साधा सर्वो मोकळा हलताना थोडंच ओढतो पण अडकला की पाऊण अँपच्या आसपास जातो, असे चार एकदम जोर लावतात तेव्हा 5 व्होल्टचे 4 होतात, रिसीव्हर रीसेट होतो आणि तुम्ही जमिनीवर उभे राहून सिग्नल तुटला रे म्हणत ट्रान्समीटर हलवत असता. सिग्नल नव्हे, वीज तुटली.

स्विचिंग बीईसी, स्टिकरवर एसबीईसी लिहितात, तो उष्णता कमी करतो, 4एस आणि वर तोच हवा. मेटल गिअरचे मोठे सर्वो असतील तर वेगळा यूबीईसी, म्हणजे ईएससीबाहेरचा स्वतंत्र बीईसी, लावून ईएससीच्या पट्टीतली लाल वायर प्लगमधून काढून, इन्सुलेट करून बाजूला दुमडून ठेवायची. दोन मोटरचं विमान असेल तर दोन ईएससीपैकी एकाचीच लाल वायर जोडलेली ठेवा, स्विचिंग असेल तर हे सक्तीचंच समजा. आणि ओपीटीओ लिहिलेल्या ईएससीत बीईसी नसतोच, तो लावून रिसीव्हर का चालू होत नाही म्हणून रात्रभर बसू नका.

मॉडेल कुठलं त्याप्रमाणे ईएससीची जात पण बदलते. विमानाच्या ईएससीला रिव्हर्स बहुतेक नसतो. तो स्वस्त पडतो म्हणून बोटीत घालणारे आमच्याकडे पुष्कळ, आणि मये तलावासारख्या ठिकाणी प्रॉपमध्ये शेवाळ-वेली गुंतल्या की रिव्हर्स मारून सोडवायची सोय नाही, मग कोणीतरी पाण्यात उतरा नाहीतर होडीवाल्याला शोधा. बोटीला बोटीचाच घ्या, पुढे-मागे जाणारा. गाडीचा घेतला तर मोड बदलता येतो का ते बघा, कारण गाडीच्या मोडमध्ये मागे ओढलं की आधी ब्रेक आणि परत ओढलं की रिव्हर्स, बोटीत ब्रेकचा काही उपयोग नाही, सरळ पुढे-मागे हवं.

बोटीत मार्जिन पण जास्त धरा, मी मोजलेल्या करंटच्या दुप्पट घेतो. पाणी हवेपेक्षा शेकडो पट जड, वरून वेल अडकली की मोटर थांबते आणि थांबलेली मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते. हल, म्हणजे बोटीचं पोट, बंद असल्यामुळे हवाही नाही. म्हणून वॉटर कूल्ड ईएससी येतात, दोन बारीक नळ्या असलेले, बोट पळताना खालून पाणी आत शिरतं, ईएससीला वळसा घालून बाजूच्या भोकातून बाहेर पडतं. ती बाहेरची धार दिसतेय का हे दर फेरीला बघायचं, धार बंद म्हणजे नळीत कचरा. आणि लो व्होल्टेज कटऑफ, म्हणजे बॅटरी उतरली की मोटर तोडणारी सेटिंग, सॉफ्ट ठेवा. हार्ड ठेवला तर बॅटरी उतरली की मोटर सरळ बंद आणि बोट तलावाच्या मधोमध. सॉफ्टमध्ये पॉवर हळूहळू कमी होते, किनाऱ्याला येण्यापुरता वेळ मिळतो. विमानालाही सॉफ्टच.

वॉटरप्रूफ या शब्दावर मात्र फार विसंबू नका. ईएससीच्या आत रेझिन भरलेलं असतं ते खरं, पण ऑन-ऑफ स्विच, रिसीव्हरचा प्लग, फॅन आणि बॅटरीचा कनेक्टर हे बाहेरच असतात. गोड्या पाण्यात चालून जातं. मांडवी-झुवारीचं पाणी किंवा खाजनातलं मचूळ पाणी वेगळी गोष्ट आहे, मीठ वीज वाहतं आणि धातू खातं, एका रविवारी भिजलेला प्लग पुढच्या रविवारी उघडलात तर पिनांवर हिरवट चुना दिसेल आणि गाडी मधेच झटके मारत चालेल. खाऱ्या पाण्यात चालवलं तर घरी येऊन नाही, तिथेच बाटलीतल्या गोड्या पाण्याने धुवा, बॅटरी काढून, कूलिंगच्या नळीतून सिरिंजने पाणी ढकला, मग वाळवा, प्लगवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. मोरजी, केरीच्या वाळूवर गाडी पळवणाऱ्यांना पण हेच लागू, पाण्यात नाही घातली म्हणून मीठ लागत नाही असं नाही, हवेतच आहे. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवलेल्या वस्तूंवर बुरशी येते ते सगळ्यांनाच माहीत आहे.

गाड्यांमध्ये ब्रश्ड मोटरला टर्नचा, म्हणजे आतल्या तारेच्या वेढ्यांचा, हिशेब असतो, टर्न कमी तितका करंट जास्त. ईएससीवर लिहिलेलं असतं की कमीत कमी किती टर्नची मोटर चालेल. हॉबीविंगचा क्विकरन 1060 हा ब्रश्डमधला सगळीकडे दिसणारा ईएससी, 60 अँपचा, त्याला 2एस वर 540 साइजची 12 टर्नपर्यंत चालते पण 3एस वर 18 टर्नच्या खाली जायचं नाही, बघा, बॅटरी बदलली की मोटरची मर्यादा पण बदलली. त्याच्यावर दोन जंपर असतात, एक बॅटरी लिपो की निमह (निकेल मेटल हायड्राइड) त्यासाठी, एक मोडसाठी. लिपो लावून जंपर निमहवर राहिला तर कटऑफ चुकीचा धरला जातो आणि बॅटरी फुगते. चिऱ्याच्या खाणीत किंवा कातळावर क्रॉलर, म्हणजे दगडांवर हळू चढणारी गाडी, चढवणाऱ्यांनी ड्रॅग ब्रेक असलेला घ्यावा, थ्रॉटल सोडला की गाडी उतारावर जागच्या जागी थांबते. ब्रशलेस क्रॉलरला सेन्सर्ड घ्या, सेन्सर नसलेली मोटर अगदी हळू निघताना अडखळते, कारण ईएससी मोटर फिरताना तयार होणाऱ्या व्होल्टेजवरून तिची जागा ओळखतो आणि ती फिरतच नसेल तर ओळखणार काय. आणि तांबड्या मातीची धूळ फॅनच्या बेअरिंगमध्ये बसते, फॅन ओरडायला लागला की बदला, तो शंभर-दोनशेचा फॅन ईएससी वाचवतो.

क्वाडच्या, म्हणजे चार प्रॉपच्या ड्रोनच्या, ईएससीचं जग पूर्ण वेगळं, त्यात मी थोडक्यात सांगतो. चार वेगळे ईएससी आता फारसं कोणी लावत नाही, 5 इंची प्रॉपच्या क्वाडला एकाच बोर्डवर चार, 45 ते 60 अँपचे, भोकांचं अंतर तुमच्या फ्रेमला जुळतं का बघा, 30.5 मिलिमीटर की 20. डीशॉट, म्हणजे थ्रॉटलचा डिजिटल सिग्नल, चालणारा हवा. ईएससीच्या आतल्या सॉफ्टवेअरपैकी बीएलहेली 32 चं काम 2024 मध्ये बंद झालं, नवीन घेताना एएम32 वाला किंवा ब्लूजे चालणारा घ्या. विमानाचा साधा ईएससी क्वाडला लावू नका, तो थ्रॉटलचे बदल तितक्या पटापट घेत नाही, क्वाड डुलत राहतं. उडवायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा ड्रोनचा नकाशा बघाच, विमान असो वा क्वाड. दाबोळी आणि मोपा दोन्ही विमानतळांच्या भिंतीपासून 5 किलोमीटर रेड झोन, म्हणजे परवानगीशिवाय उडवायला बंदी, आणि आपला गोवा केवढासा.

वायरींबद्दल एकच सांगतो पण महत्त्वाचं. ईएससी आणि बॅटरीत अंतर पडत असेल तर ईएससी आणि मोटरमधल्या तीन वायर लांब करा, बॅटरीच्या नको. बॅटरीकडच्या वायर लांबल्या की व्होल्टेजचे झटके वाढतात आणि ते ईएससीच्या तोंडाशी बसलेल्या त्या गोल कपॅसिटरला झेलावे लागतात, तो फुगला की पुढचा नंबर मॉसफेटचा. नाइलाज असेल तर वाटेत आणखी लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले) कपॅसिटर जोडावे लागतात. कनेक्टर एक्सटी60 सगळीकडे मिळतो, 60 अँपपर्यंत बिनघोर. पण नक्कल घेऊ नका, खोट्याचं प्लास्टिक सोल्डरिंग करतानाच वितळून पिना तिरक्या होतात.

खरेदी बहुतेक ऑनलाइनच. एकाच हिरव्या-पिवळ्या स्टिकरचे बिननावाचे 30 अँप ईएससी चार वेगळ्या किमतीत दिसतात, आत काय आहे ते किमतीवरून कळत नाही. मी वजन बघतो. चांगल्या कंपनीच्या 30 वाल्याचं वजन किती दिलंय ते काढा, मग याचं, फारच हलका असेल तर आत तांबं आणि मॉसफेट कमी आहेत. शिकायला, प्रोजेक्टला चालतो तो, 30 ऐवजी 20 चा समजून वापरा. चवथीच्या आसपास कुरिअर हमखास रखडतं, त्या सुट्टीत उडवायचं ठरवलं असेल तर आधीच मागवा आणि सुटा एक जास्तीचा घ्या, आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात ईएससी मिळत नाही.

आला की पहिलं काम, प्रॉप काढा. काढलाच पाहिजे, टेबलावर 10 इंची प्रॉप सुटला तर बोटं जातात. मग थ्रॉटल कॅलिब्रेशन, म्हणजे ईएससीला स्टिकची दोन्ही टोकं शिकवणं, ट्रान्समीटर चालू, स्टिक पूर्ण वर, बॅटरी जोडा, बीप ऐकू आले की स्टिक पूर्ण खाली, परत बीप, झालं. हा विमानाच्या ईएससीचा प्रकार, गाडीच्यात मधला पॉइंटही शिकवावा लागतो, मॅन्युअल बघा. घडी होणारा प्रॉप असलेल्या ग्लायडरलाच ब्रेक ऑन, बाकी विमानांना ऑफ. टायमिंग, म्हणजे ईएससी मोटरला वीज किती आधी देतो ती सेटिंग, मिडियमवर ठेवा, मोटर फुल थ्रॉटलला एकदम टाकली की खरखरली किंवा अडखळली तर एक पायरी वाढवून बघा, वाढवलं की तापते थोडी जास्त.

मग प्रॉप लावा, बांधून एक मिनिट मधल्या थ्रॉटलवर, बॅटरी काढा आणि ईएससीवर बोट ठेवा. पाच सेकंद आरामात ठेवता आलं तर उडवा. चटका बसून बोट मागे आलं तर हवा वाढवा, नाहीतर प्रॉप एक इंच कमी करा आणि परत मोजा.